रुग्णवाहिकेतील हुन्नर : दाखला वेगळा, परवाना वेगळा

मुलगा बारावी झाला. डॉक्टर होण्याइतके गुण नाहीत. दुकानात दोन भाऊ आधीच बसलेले आहेत आणि कारखान्यात पूर्वीसारखे काम उरलेले नाही. अशा वेळी त्याला 'पॅरामेडिकल'च्या एखाद्या कोर्सला घालावे, असे अनेक पालकांच्या मनात येते. या कोर्सांपैकी एकाची जाहिरात अलीकडे बरीच दिसते. तो आहे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजेच ई.एम.टी. होण्याचा कोर्स. रुग्णवाहिकेत रुग्णाजवळ बसून त्याला जिवंत आणि सुस्थितीत रुग्णालयापर्यंत पोहोचविणारा प्रशिक्षित माणूस तो ई.एम.टी.

काम चांगले आहे, गरजेचे आहे आणि हलाल रोजीचे आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण या धंद्यात उतरताना एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी लागते. कोर्स पूर्ण केल्याचा दाखला आणि ते काम करण्याचा कायदेशीर अधिकार या दोन निराळ्या वस्तू आहेत. हा फरक न कळल्यामुळे कुटुंबाची जमापुंजी फीमध्ये जाते आणि मुलाच्या हाती भिंतीवर लावण्याचा कागद तेवढा राहतो. म्हणून आज हा विषय थोडा उलगडून सांगावा असे आम्ही ठरविले आहे.

हे काम नेमके काय?

रुग्णवाहिकेत बसणारा माणूस म्हणजे स्ट्रेचर उचलणारा हमाल नव्हे आणि अर्धा डॉक्टरही नव्हे. त्याच्या कामाची हद्द ठरलेली असते. घटनास्थळ सुरक्षित आहे की नाही हे तो आधी पाहतो. विजेच्या धक्क्याने पडलेल्या कारागिराला हात लावण्यापूर्वी वीज बंद झाली का, हे त्याला विचारावेच लागते. त्यानंतर रुग्णाची श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, नाडी लागते का, रक्त कोठून वाहते आहे, हे तो क्रमाने तपासतो. हृदय बंद पडले असेल तर छातीवर दाब देण्याचे काम तो करतो. हा दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने आणि मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर दबेल इतका द्यावा लागतो. ऑक्सिजन लावणे, वाहते रक्त थांबविणे, मोडलेल्या हाडाला आधार बांधणे, मणक्याला इजा असल्याची शंका आल्यास रुग्णाला न हिसकता उचलणे, वाटेत बाळंतपण झाल्यास बाळ व आई यांना सांभाळणे, हीसुद्धा त्याचीच कामे होत. शेवटी काय पाहिले, काय केले आणि किती वाजता केले याची नोंद तो रुग्णालयातील डॉक्टरांच्या स्वाधीन करतो.

हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेव्हा गाडी किती वेगाने धावली याइतकेच गाडीत कोण होते यालाही महत्त्व आहे.

हा धंदा कोठून आला?

हा धंदा फार जुना नाही. अमेरिकेत १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळी तेथील जवळजवळ निम्म्या रुग्णवाहिका अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवीत असत. आडवा माणूस नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे, हे त्याचे साधे कारण. गाडी होती, पण रुग्णावर उपचार करणारा माणूस गाडीत नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीत 'फ्रीडम हाऊस' नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या तंत्रात अग्रेसर असलेले डॉ. पीटर सफार यांनी तिचे प्रशिक्षण आखले. शिकणारे बहुतेक जण त्या वस्तीतील कृष्णवर्णीय तरुण होते. अनेकांना काम नव्हते आणि काहींचे शालेय शिक्षणही अपुरे राहिले होते. सुमारे ३०० तासांचे कसून प्रशिक्षण घेऊन याच तरुणांनी असे काम करून दाखविले की पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी देशभरासाठी तयार केलेला पॅरामेडिक अभ्यासक्रम त्यांच्याच कामाच्या आधारावर उभा राहिला.

पण या हकिगतीचा शेवट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि 'फ्रीडम हाऊस' बंद झाले. नव्या व्यवस्थेत नव्या परीक्षा आल्या, नव्या अटी आल्या. ज्यांनी हा धंदा घडविला त्यांच्यापैकी अनेकांना दुय्यम कामे मिळाली किंवा बाहेर पडावे लागले. त्यांच्याशी अन्याय झाला यात शंका नाही. परंतु अधिकाराचा कागद दुसऱ्याच्या हातात राहिला तर हातातील कसबही माणसाला टिकवू शकत नाही, हे त्यावरून दिसते.

चार पायऱ्या

आज अमेरिकेत या धंद्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिली पायरी शिक्षणाची. तेथे मूलभूत ई.एम.टी.चा कोर्स साधारण दीडशे तासांचा किंवा त्याहून अधिक असतो. दुसरी पायरी प्रमाणपत्राची. १९७० मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय नोंदणी संस्था परीक्षा घेते आणि उमेदवार किमान कसोटीस उतरला असे प्रमाणित करते. हे प्रमाणपत्र दोन वर्षांपुरते असते. मूलभूत ई.एम.टी.ला ते टिकविण्यासाठी त्या अवधीत ४० तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते किंवा पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तिसरी पायरी परवान्याची. तो त्या त्या राज्याचे शासन देते. प्रमाणपत्र असूनही राज्याचा परवाना नसेल तर काम करता येत नाही. चौथी पायरी म्हणजे सेवेच्या वैद्यकीय प्रमुखाने, अर्थात डॉक्टराने, त्या माणसाला आपल्या सेवेत अमुक कामे करण्याची दिलेली मुभा.

आपल्या कारागिरांना हे समजणे अवघड नाही. आय.टी.आय.मधून वायरमनचा कोर्स केलेला मुलगा हुशार असू शकतो, पण परवाना मिळेपर्यंत त्याच्या सहीला कोणी विचारत नाही. मोटार शिकविणाऱ्या शाळेचा दाखला दाखवून कोणी गाडी हाकू शकत नाही, त्यासाठी आर.टी.ओ.चे लायसन्स लागते. दाखला सांगतो की या माणसाला काम येते. परवाना सांगतो की या माणसाला ते काम करू द्यावे आणि चूक झाल्यास कायद्याने त्याला जाब विचारता येईल.

आपल्या देशातील स्थिती

आपल्याकडे या क्षेत्रात शिरण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग लहान मुदतीच्या कौशल्य-कोर्सचा. केंद्र सरकारच्या कौशल्य व्यवस्थेत आरोग्य क्षेत्रासाठी वेगळी कौशल्य परिषद आहे. तिने ई.एम.टी.साठी 'बेसिक' आणि 'ॲडव्हान्स्ड' अशा दोन पातळ्यांचे मानक ठरविले आहेत. मान्यताप्राप्त केंद्रात काही महिने शिकून, त्रयस्थ परीक्षकाची परीक्षा दिल्यावर हा दाखला मिळतो. जो आधीच रुग्णवाहिकेवर किंवा रुग्णालयात काम करीत आहे, त्याच्यासाठी पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याचीही योजना कौशल्य व्यवस्थेत आहे. ती या कामासाठी त्या वेळी खुली आहे का, हे केंद्रावर जाऊन विचारावे.

दुसरा मार्ग पदविका किंवा पदवीचा. विद्यापीठांशी संलग्न संस्थांत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञानाची बी.एस्सी. आणि तत्सम पदविका शिकविल्या जातात. येथे वर्षे जास्त लागतात, फी जास्त लागते आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष कामही जास्त होते.

आता महत्त्वाचा मुद्दा. २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी परिषदा पूर्वीपासून होत्या. तंत्रज्ञांसाठी देशभर एकसारखी अशी व्यवस्था नव्हती. या कायद्याने ती आणली. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे पॅरामेडिक, याचा उल्लेख आहे. राज्य परिषदेने नोंदवही ठेवावी आणि पात्र व्यक्तींची नोंदणी करावी अशी त्याची रचना आहे. नाव नोंदलेले नसताना नोंदणीकृत असल्याचे भासविणे हा या कायद्याखाली दंडनीय गुन्हा आहे.

या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणविण्यासाठी दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान २,००० तासांचे पदविका किंवा पदवी शिक्षण लागते. त्यावरची 'आरोग्यसेवा व्यावसायिक' ही श्रेणी हवी असेल तर तीन ते सहा वर्षांत पसरलेले किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण लागते. हा हिशेब पालकांनी स्वतः मांडून पाहावा. तीन किंवा सहा महिन्यांच्या कोर्सात २,००० तास बसत नाहीत. म्हणून छोट्या कोर्सच्या जाहिरातीत 'सरकारी नोंदणीसह' असे लिहिलेले दिसले तर कोणत्या नोंदवहीत, कोणत्या कलमाखाली, हे विचारल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

याचा अर्थ छोटा कोर्स निरुपयोगी आहे असा नाही. त्यातून हाताला काम येते, खाजगी रुग्णालयात आणि रुग्णवाहिका सेवेत शिरकाव होतो, आणि या कामाला आपले मन घेते की नाही हेही कळते. तो पहिली पायरी आहे, एवढेच लक्षात ठेवावे. कायदा प्रत्यक्षात आणण्यास राज्यांनी बराच वेळ लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबाबत केंद्र व राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. परंतु दिशा कोणती आहे हे स्पष्ट आहे. आज जो मुलगा अठरा वर्षांचा आहे, त्याची पुढची तीस वर्षे या नोंदवहीच्या काळातच जाणार आहेत.

काम कोठे मिळते?

आपल्या महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षणाच्या आणि ७०४ मूलभूत जीवरक्षणाच्या होत्या. या सेवेत रुग्णाजवळ डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली गेली. उलट आंध्र आणि गुजरात यांसारख्या राज्यांतील १०८ सेवा मुख्यतः ई.एम.टी.वर उभ्या राहिल्या. हा फरक महाराष्ट्रातील मुलांनी जाणून घ्यावा. 'कोर्स करा आणि १०८ मध्ये लागा' असे कोणी सांगत असेल तर ते तपासून पाहावे.

सरकारी सेवेखेरीज खाजगी रुग्णालयांचे अपघात विभाग, त्यांच्या स्वतःच्या रुग्णवाहिका, रुग्णांना एका गावाहून दुसऱ्या गावी नेणाऱ्या खाजगी सेवा, मोठे कारखाने, बांधकामाच्या जागा आणि मोठे मेळावे अशा ठिकाणी या माणसांची गरज लागते. कारखान्यांच्या बाबतीत ही कल्पना नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी व ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस, आणि ५०० हून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका-कक्ष अशी अट घातली होती.

कोकणातील अनेक घरांचा आखाताशी जुना संबंध आहे. तेथेही या कामाला मागणी असते, पण तेथे परवान्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. सौदी अरबस्तानात आरोग्य व्यावसायिकांची वर्गवारी व नोंदणी करणारा स्वतंत्र आयोग आहे. अमिरातीत अबू धाबी, दुबई आणि इतर अमिराती यांच्या यंत्रणा वेगवेगळ्या आहेत. या देशांत प्रमाणपत्राची मूळ ठिकाणी पडताळणी होते. म्हणजे ज्या संस्थेने दाखला दिला तिलाच विचारले जाते की हा विद्यार्थी तुमच्याकडे खरोखर शिकला काय. संस्था बंद पडलेली असेल, उत्तर देत नसेल किंवा तिला मान्यताच नसेल, तर एजंटाला दिलेले पैसे आणि वर्षे दोन्ही बुडतात. पडताळणी, परीक्षा आणि अनुभवाची अट यांची माहिती त्या यंत्रणेकडूनच घ्यावी, एजंटाच्या तोंडून नव्हे.

फी भरण्यापूर्वी

व्यापारी माणूस माल घेताना भाव, वजन आणि बिल पाहतो. शिक्षण घेतानाही तेच करावे. संस्थेत जाऊन पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१) दाखला कोण देणार? संस्था स्वतः, कौशल्य परिषद की विद्यापीठ? मान्यतेचा क्रमांक आणि मुदत काय?

२) एकूण तास किती? त्यांपैकी वर्गातील किती, रुग्णालयातील किती आणि रुग्णवाहिकेवरील किती?

३) रुग्णालयाशी लेखी करार आहे काय? असल्यास त्या रुग्णालयात जाऊन खात्री करावी.

४) सरावासाठी पुतळे, ऑक्सिजनची साधने, स्ट्रेचर व मणक्याची फळी आहे काय? केवळ वहीवर शिकून हे काम येत नाही.

५) मागील तुकडीतील मुले कोठे कामाला आहेत? दोघा-तिघांना स्वतः भेटावे.

६) या दाखल्यावर राज्य परिषदेत नोंदणी होते काय? 'होईल' हे उत्तर नव्हे. नियम दाखवा असे म्हणावे.

७) कोर्स अर्धवट सुटल्यास फी परत मिळते काय?

आणखी एक खुलासा करावासा वाटतो. जीवरक्षणाचे एक-दोन दिवसांचे जे वर्ग असतात, त्यांचे कार्ड मिळते आणि ते बहुधा दोन वर्षे चालते. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस यांचे प्रथमोपचाराचे वर्गही असतात. हे सर्व उपयुक्त आहेत. आमचे तर मत आहे की प्रत्येक यंत्रमागाच्या शेडमध्ये, वर्कशॉपमध्ये आणि मदरशात निदान दोन माणसे असे वर्ग केलेली असावीत. पण असे कार्ड असलेला माणूस ई.एम.टी. होत नाही.

गाडीचे मालक आणि ट्रस्ट यांच्यासाठी

आपल्या अनेक गावांत जमातीने, ट्रस्टने किंवा एखाद्या सधन घराण्याने रुग्णवाहिका घेऊन दिलेली असते. हे सत्कार्य आहे. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत अशा गाड्यांनी जातधर्म न पाहता लोकांची सेवा केली, हे सर्वांनी पाहिले आहे. पण आत कोण आहे असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, चालक. काही ठिकाणी तीच गाडी मय्यत नेण्यासही वापरली जाते. १९६६ साली अमेरिकेत जी स्थिती होती तिच्याशी हे मिळतेजुळते आहे.

देशाच्या वाहन मानकांत रुग्णवाहिकेचे चार प्रकार केलेले आहेत. प्रथम मदतीचे वाहन, केवळ रुग्ण नेण्याचे वाहन, मूलभूत जीवरक्षणाचे वाहन आणि प्रगत जीवरक्षणाचे वाहन. दात्याने गाडी घेण्याआधी कोणता प्रकार घ्यावयाचा हे ठरवावे. नुसते वाहन घेऊन त्यावर प्रगत सेवेची पाटी लावणे म्हणजे ग्राहकाला हलका माल भारी सांगून विकण्यासारखे आहे. व्यापारात जे निषिद्ध ते येथे अधिकच निषिद्ध, कारण येथे ग्राहक बेशुद्ध असतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले. तेव्हा रस्त्यावर पडलेल्याला उचलताना कोणी घाबरू नये. परंतु हे संरक्षण वाटसरूसाठी आहे. भाडे घेऊन रुग्ण नेणाऱ्याला ते गृहीत धरता येणार नाही. त्याने योग्य माणूस ठेवला होता काय, असा प्रश्न उद्या विचारला जाऊ शकतो.

मुलींसाठीही

बाळंतपणाच्या किंवा भाजलेल्या स्त्रीजवळ गाडीत एक प्रशिक्षित स्त्री असेल तर रुग्णाला आणि घरच्यांना किती दिलासा मिळतो, हे सांगण्याची गरज नाही. पडदा पाळणाऱ्या घरांतून स्त्रीला वेळेवर रुग्णालयात नेण्यास जी चालढकल होते, तीही त्यामुळे कमी होईल. काम रात्रीचे असते, धावपळीचे असते आणि वजन उचलण्याचे असते. मुलाला किंवा मुलीला पाठविताना हे आधी सांगावे. वाढ्या पगाराच्या आशेने आलेला माणूस रात्रपाळीत टिकत नाही, कामाची ओढ असलेला टिकतो.

जीव वाचविण्याला आपल्या दीनमध्ये काय स्थान आहे हे वाचकांना ठाऊक आहे. या नियतीने जमातींनी एक छोटा प्रयोग करावा अशी आमची सूचना आहे. पुढची गाडी घेण्याआधी सध्याच्या गाडीसाठी दोन माणसे तयार करावीत. चालकाला प्रथमोपचाराचा वर्ग करवावा. गावातील बारावी झालेल्या एका होतकरू मुलाला किंवा मुलीला मान्यताप्राप्त पदविकेला घालावे. घरची परिस्थिती नसेल तर आलिमांचा सल्ला घेऊन बैतुलमालमधून त्याची फी भरावी आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर परिषदेतील नोंदणी होईपर्यंत पाठपुरावा करावा. नोंदणी झाल्याचा कागद कार्यालयात पाहिल्यावरच गाडीवर जीवरक्षण सेवेची पाटी लावावी.